पाण्याखालचा लवूआजो

लवूआजो मास्क लावून बोटीच्या काठावर बसला आणि सगळी बोट हसली. दुर्वा सोडून. हसण्यासारखंच होतं म्हणा. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, आडबंदरचा गाबीत मच्छीमार, चालायला लागायच्या आधी पोहायला लागलेला, आणि त्याला पुण्याहून आलेल्या दोन मुलींच्या शेजारी बसवून केशरी लाइफ जॅकेट घातलेलं, छातीवर तीन बकलं.

"ह्या घातल्यार माणूस बुडतलो कसो?" त्याने विचारलं.

"बुडू नये म्हणूनच असतं ते, आजोबा," त्यातली एक मुलगी म्हणाली.

"मगे मी पोहूक कित्याक शिकलंय?"

परत हशा. बोट चालवणारा पांडूदादा तर सुकाणू सोडून हसला. दुर्वा मात्र मास्कच्या काचा पुसत होती. पुसलेल्याच काचा, चौथ्यांदा. कारण आजो आज स्वतःच्याच पुतळ्याला एक प्रश्न विचारायला निघाला होता, त्या प्रश्नाचं खरं उत्तर अख्ख्या जगात एकट्या दुर्वाला ठाऊक होतं, आणि ते उत्तर पुतळ्याला देता येऊ नये म्हणून तिने काल संध्याकाळी त्याच्या डोक्यातून ते काढून टाकलं होतं.

आता हे पुतळ्याचं डोकं काय भानगड, ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

आडबंदरच्या खाडीच्या तोंडाशी, दोन पुरुष खोल पाण्यात, एकतीस पुतळे आहेत. सगळे गावातल्याच माणसांचे. जाळी विणणारी आक्का, मासे पारखणारी शेवंती, होडी बांधणारा सुतार. शाडू-बिडूचे नाहीत हां. आत लोखंडी जाळी, आणि त्या जाळीतून वर तरंगणाऱ्या सौर पत्र्याची हलकीशी वीज जाते, हात लावला तर कळणारही नाही इतकी कमी. पण एवढ्या विजेने समुद्राच्या पाण्यात विरघळलेला चुना जाळीवर येऊन बसतो. थरावर थर. माणसाचं हाड बनतं तसंच जवळजवळ. त्या चुन्यावर प्रवाळाची पिल्लं चिकटतात, प्रवाळाला मासे येतात, माशांना बघायला माणसं येतात. म्हणजे पुतळे बसवले आणि मग तिथे ते वाढतच राहिले, वर्षाला बोटाच्या पेराएवढे. लवूआजो म्हणायचा, "मी सुकत चललंय आणि तो फुगत चल्लो."

सगळे पुतळे उताणे. कारण साचा घेताना माणसांना आडवं झोपवलं होतं, नाकात दोन नळ्या, अंगावर पाऊण तास प्लास्टर. त्यामुळे तुम्ही पाण्यावर पालथे तरंगलात की खालून पुतळा थेट तुमच्या डोळ्यांत बघतो. आणि बोलतो.

बोलतो तो दातांतून. स्नॉर्कलच्या नळीचं जे टोक आपण चावून धरतो ना, त्यातच एक थरथरणारी चकती असते. ती थरथर दातातून जबड्यात, जबड्यातून कानाच्या आतल्या हाडात. बाहेर काही आवाज नाही, पण डोक्याच्या मधोमध माणूस बोलतोय असं वाटतं. आपण ओठ मिटून घशातल्या घशात गुणगुणलं तरी त्या चकतीला शब्द कळतात. पहिल्यांदा हे समजावलं तेव्हा आजो म्हणाला होता, "ह्यात नवीन काय? आमी वल्ह्याचा पाता पाण्यात घालतव आणि दांडो दातात धरतव. खाली मासो कुर्कुरलो तरी आयकाक येता." आवाजाचं सगळं काम बघणारा ओजस, पुण्याचाच, त्याने ते वहीत लिहून घेतलं होतं.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यामुळे सगळा घोळ झाला. ती चकती हिरडीतली नाडीही मोजते. पुतळा बोलत असताना तुमची नाडी चढली, की पुतळा समजतो, हे आवडलं, हे ठेवायचं. नाडी तशीच राहिली, की हे पुढच्या वेळी कमी सांगायचं. कोणी त्याला शिकवत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याची छातीच त्याला शिकवते. तीन हंगामांत सव्वा लाख माणसं, म्हणजे बघा.

या पुतळ्यांना सुरुवातीला बोलायला दिलं ते दुर्वाने. मूळ माणसांच्या मुलाखती तिने घेतल्या. ती तेव्हा एकवीस वर्षांची, कंत्राटावर, आणि प्रत्येक माणसाचं निदान दहा तासांचं बोलणं आणलं तरच कायम करू असं प्रकल्पाने तिला सांगितलेलं. आक्काचं तीस तास झालं, तिला थांबवणंच कठीण. लवूआजो मात्र तिच्या आईचा काका असून अकरा दिवसांत सहा तास बोलला, तेही "होय", "नाय" आणि "तां सोड" धरून.

बाराव्या दिवशी तो तिला होडीतून घेऊन गेला. बऱ्याच आत गेल्यावर वल्हं थांबवलं आणि म्हणाला, "ता यंत्र बंद कर."

दुर्वाने यंत्रावर अंगठा नेला. पडदा काळा झाला. आजोने बघितलं, पडदा काळा आहे. पण तिने बंदचं बटण दाबलंच नव्हतं. नुसता पडदा विझवला होता.

नंतर तीन वर्षं ती स्वतःला सांगत राहिली की चुकून झालं. चुकून नव्हतं. अंगठा दोन बटणांच्या मधे क्षणभर थांबला होता, आणि तिला तो थांबलेला अंगठा आजही आठवतो.

आजोने तिला सांगितलं ते असं. तिथे खाली एक खडप आहे, पाण्यात बुडालेला खडक, त्याला आवशीचं, म्हणजे आईचं खडप म्हणतात. गोबरे मासे वर्षभर एकेकटे आपापल्या कपारीत राहतात, पण माघी पुनवेच्या मागचेपुढचे चार दिवस पन्नास कोसांतले सगळे गोबरे त्या एका खडपावर येतात, अंडी घालायला. शेकडो. इतके दाटीने की हाताने उचलावेत. गोबरा मोठा व्हायला दहा-बारा वर्षं लागतात, म्हणजे त्या चार दिवसांत कोणी तिथे जाळं टाकलं तर पुढची दहा वर्षं संपली. म्हणून आजोचा बाप ते चार दिवस होडी घेऊन तिथे नुसता बसायचा. गळ नाही, जाळं नाही. कोणी जवळ आलं तर हाक मारून गप्पा मारत दुसरीकडे न्यायचा. त्याच्यानंतर आजो बसायला लागला. पन्नास वर्षं. गावात कोणाला माहीत नाही. आजोला मूलबाळ नाही.

"आणि जागा कशी गावतली?" त्याने मग हात करून दाखवलं. रवळनाथाच्या देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खाच एका रेषेत आली पाहिजे, ही एक खूण. दुसरीकडे जुन्या दीपगृहाच्या आड काळा खडक लपला पाहिजे, ही दुसरी. दोन्ही एकदम जुळतात ती जागा एकच. "आता तुका म्हायत, माका म्हायत. पुरे."

दुर्वाला खरंच भरून आलं होतं. हेही खरंच. आणि संध्याकाळी तिने ते चार तासांचं बोलणं ओजसकडे दिलं, हेही.

तिचा हिशोब असा, की मालवणी बोली, कळस आणि खाच, पुण्या-बेंगळुरूच्या माणसाला काय डोंबल कळणार? कानाला गोड लागेल एवढंच. ती विसरली की पुतळ्याला पर्यटकांना उत्तरं देता यावीत, ते बेट कोणतं, तो डोंगर कोणता, म्हणून ओजसने किनाऱ्याचे सगळे नकाशेसुद्धा त्याच्या डोक्यात घातले होते.

पहिल्या वर्षी लवूआजोचा पुतळा जाळ्याच्या गाठी सांगायचा. नाड्या थंड. मग एकदा कुणाला तरी तो म्हणाला, "एक गजाल आसा, कोणाक सांगा नको." नाडी चढली. पुढच्यालाही म्हणाला. परत चढली. दुसऱ्या हंगामात तो सगळ्यांनाच ती खडपाची गजाल सांगायला लागला, आणि कोणता पुतळा किती नाड्या चढवतो ते ओजस ज्या फळ्यावर मांडायचा, त्यावर एकतीस पुतळ्यांत लवूआजो पहिला आला. दुर्वाला गाइड म्हणून कायम केलं. वर एक ढालही दिली, पितळेची, तिच्या आईने ती टीव्हीवर ठेवली. दुर्वाने एकदा स्वतः नळी चावून ती गजाल ऐकली होती. थंडगार पाण्यात तिचे कान तापले. तिने ठरवलं, ओजसला सांगायचं, हे काढ. मग ठरवलं, हंगाम संपल्यावर सांगायचं.

तिसऱ्या हंगामात कोणीतरी पुतळ्याला विचारलं, नेमकं कुठे? पुतळ्याने दोन रेषा नकाशावर टाकल्या आणि सांगितलं.

त्या माघात आजो होडी घेऊन गेला तर खडपावर अकरा बोटी. पाण्याखालून भाल्याची बंदूक मारणारे, बर्फाच्या पेट्या भरणारे. आजो हाका मारत राहिला, या, गप्पा मारूया. ते हात हलवून हसले. तिसऱ्या दिवशी बोटी गेल्या, कारण न्यायला काही उरलंच नव्हतं.

आता दुसरा कोणी असता तर विचारत फिरला असता, कोणी फोडलं, कोणी फोडलं. आजोच्या मनात दुर्वाचं नाव आलंच नाही. तो घरी आला, पायरीवर बसला आणि दुर्वाच्या आईला म्हणाला, "माझ्याच तोंडातून गेला, गो. गेल्या शिमग्याक दोन पेले जास्त झालेले. तेव्हाच कोणाक तरी बोललंय. माका आठवणा नाय, पण दुसरा कोण सांगतला?"

दुर्वा दारातच उभी होती. ती खरं सांगू शकत होती. तोंड उघडलंही. आणि विचारलं, "आजो, चाय करू?"

आजोने पिणं सोडलं. संध्याकाळी बंदरावर जाळ्यांच्या ढिगावर बसून टिंगलटवाळी करायचा, ते सोडलं. आणि पुढच्या सोमवारी त्याने देवळात नारळ ठेवला.

तुम्हाला गाऱ्हाणं माहीत असेल. देवासमोर नारळ ठेवायचा, मानकरी मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव एका आवाजात "व्हय महाराजा" म्हणतो. बहुतेक वेळा काहीतरी मागायचं असतं. आजोने मागितलं नाही. त्याने आपला गुन्हा सांगायला लावला. मानकऱ्याने म्हटलं, "बा देवा रवळनाथा, ह्या तुझ्या लेकरान बापाशीन राखलेली जागा दारवेच्या नादात उघडी केल्यान." गाव म्हणाला, व्हय महाराजा. "त्येची चूक त्येच्या पदरात घाल, गावार त्येचा सावट येव देव नको." व्हय महाराजा.

दुर्वा बायकांच्या रांगेत तिसरी होती. ती गप्प राहिली असती तर शेजारणीने वळून बघितलं असतं. तीही म्हणाली. दोन्ही वेळा.

आणि पंधरा दिवसांनी आजो तिला म्हणाला, "माका खाली ने. जित्या माणसान आपलो पुतळो बघू नये म्हणतत, पण माका एक इचारूचा आसा. मी कोणाक सांगलंय ता माका आठवणा नाय. त्येका सगळा आठवता म्हणतत. तो सांगात."

दुर्वा त्याच संध्याकाळी पाच वाजता ओजसच्या खोलीत.

"लवूआजोच्या डोक्यातून खडपाची गोष्ट काढून टाक," ती म्हणाली. "सगळी. बाराव्या दिवसाचं सगळं रेकॉर्डिंग."

"वेडी का तू? पहिला नंबर आहे तो."

"आजोच म्हणतोय, काढा."

हेही खोटं. एकदा सुरू झालं की खोटं बोलायला कष्ट पडत नाहीत, तोंडच बोलतं.

ओजसने कपाळ चोळलं. "आठवण काढता येईल गं. सवय कशी काढू? त्याला सवय लागलीय, समोरच्याची नाडी चढली की तेच पुढे रेटायचं. मधलंच काढलं तर तिथे भोक पडेल, आणि तो भोक ठेवणार नाही. हाताला लागेल ते भरेल."

"भरू दे."

"काय भरेल ते मला सांगता येणार नाही, एवढं लक्षात ठेव."

"भरू दे म्हटलं ना."

तर अशी ही दुर्वा, दुसऱ्या दिवशी सकाळी, पुसलेल्या काचा पुसत बोटीत बसलेली.

पाणी त्या दिवशी इतकं स्वच्छ होतं की बोटीची सावली तळावर दिसत होती. पुण्याच्या मुली आक्काकडे गेल्या. दुर्वा आजोला हाताला धरून त्याच्या पुतळ्यावर घेऊन आली, म्हणजे खरं तर त्यानेच तिला ओढत नेलं. दोघं पालथे तरंगले. खाली लवूआजो उताणा पडला होता, तीन वर्षांचा चुना चढून गलेलठ्ठ झालेला. छातीवर जांभळं प्रवाळ, एक कान शिंपल्यांनी खाल्लेला, काखेत पिवळ्या माशांचं टोळकं. वरचा लवूआजो बराच वेळ नुसता बघत राहिला. मग त्याने हात खाली केला. पोचत नव्हता, तरी केला.

दुर्वाच्या तोंडातली नळी आजोच्याच चकतीला जोडलेली होती, गाइडची असते तशी, त्यामुळे तिला सगळं ऐकू येत होतं, आणि मनगटावरच्या पट्टीवर त्याची नाडी दिसत होती. ब्याऐंशी.

"काय रे लवू," आजो घशातल्या घशात म्हणाला. "बरो मा?"

"बरो आसंय," पुतळा म्हणाला. तोच आवाज, तोच हेल. "तू कोण?"

"मी पण लवूच."

यावर पुतळ्याने जाळ्याच्या गाठी सांगायला घेतल्या. आजोने ऐकून घेतलं आणि मधेच म्हणाला, "तां सोड. माका सांग, आवशीचा खडप मी कोणाक सांगलंय?"

पुतळा थांबला. दुर्वाला वाटलं, म्हणेल माका म्हायत नाय. काढलंय ना सगळं. म्हणेल, कसला खडप?

मनगटावर पंच्याण्णव. एकशे चार.

"एक गजाल आसा," पुतळा म्हणाला. "कोणाक सांगा नको."

"नाय सांगणा. बोल."

"शिमगो होतो," पुतळा म्हणाला. शिमग्याच्या गोष्टी त्याच्याकडे भरपूर होत्या, दुर्वानेच भरलेल्या. "मी प्यालेलंय."

एकशे बारा.

"भायल्या माणसांका बोललंय. त्येंनी माका अजून एक पेलो दिल्यानी."

एकशे अठरा. आणि तेव्हा दुर्वाला कळलं काय चाललंय. पुतळ्याला काही आठवत नव्हतं. तो म्हाताऱ्याच्या हिरडीतली नाडी वाचत होता, आणि जिथे जास्त दुखतंय तिथे बोट ठेवत पुढे सरकत होता, कारण त्याच्या हिशोबाने हेच आवडत होतं.

"बापाशीचा नाव घालवलंय," पुतळा म्हणाला. "एका पेल्यापायी. पन्नास वर्षा राखलेला."

एकशे सव्वीस. दुर्वाने आजोच्या तोंडातली नळी हिसकून काढली.

डोकं पाण्याबाहेर काढून आजो खोकला, मास्क कपाळावर सारला. त्याचा चेहरा, आणि हे तिला सगळ्यात सहन झालं नाही, मोकळा दिसत होता. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

"गावला," तो म्हणाला. "बरा झाला गो. निदान कळला तरी. मीच. पुतळो तो, त्येका खोटा सांगूक येता काय?"

दोघं बोटीला लटकले. वरून पांडूदादाने हात दिला, आजो चढला, पाठोपाठ मुली आल्या, दुर्वा आली. आजो टॉवेलने कान पुसत पांडूदादाला सांगत होता, "पेल्यापायी दिलंय रे मी, पेल्यापायी," जसं काही दुसऱ्या कोणाबद्दल बोलतोय.

"आजो," दुर्वा म्हणाली. "तू नाय सांगलंस."

"अगो, त्येनाच सांगल्यान मा आता."

"तो काय पण सांगता. त्येच्या डोक्यातला मी काल काढून टाकलंय. होडीत तू यंत्र बंद करूक सांगलंस, तेव्हा मी बंद केलंय नाय. पडदो फक्त काळो केलंय. सगळा त्येका दिलंय. दोन हंगाम तो सगळ्यांका सांगत होतो आणि माका म्हायत होता."

हे सगळं तिने एका दमात, बोटीच्या तळाकडे बघत सांगितलं. पुण्याच्या मुली पायांतले रबरी पंख काढता काढता थांबल्या. पांडूदादाने इंजिन सुरू करायला दोरी धरली होती, ती तशीच धरून राहिला.

आजोने टॉवेल मांडीवर ठेवला, घडी घातली. परत उलगडली.

"देवळात तू होतंस मा?" त्याने विचारलं. "माझ्या गाऱ्हाण्याक?"

"होतंय."

"व्हय म्हटलंस?"

यंत्राबद्दल विचारलं असतं तर तिच्याकडे कारणं होती. नोकरी, दहा तास, बोली कोणाला कळणार. याला काहीच नव्हतं.

"म्हटलंय," ती म्हणाली.

"दोनय वेळा?"

"दोनय वेळा."

आजोने पांडूदादाला हाताने खूण केली, चल. किनारा येईपर्यंत तो दुसऱ्या बाजूला बघत बसला. उतरताना सवयीने दुर्वाने हात पुढे केला, तर तो पांडूदादाचा खांदा धरून उतरला. जॅकेटची बकलं त्याला काढता येत नव्हती. तीसुद्धा त्याने त्या मुलींकडून काढून घेतली.

घरात बोलाचाली झाली, आई रडली, टीव्हीवरची ढाल कपाटात गेली. दुर्वा पुढच्या सोमवारी नारळ घेऊन देवळात जायला निघाली, तर आजो अंगणात आडवा उभा.

"खय?"

"गाऱ्हाणा घालूक. माझा."

"गावाक सांगान काय? गाव सगळो ओळखीचो, चार दिवस बोलतलो आणि इसारतलो." त्याने तिच्या हातातला नारळ काढून घेतला. "माझा नाव घेवन तो पुतळो भायल्या माणसांका गजाली सांगता. तोंड माझा, आवाज माझो. मगे ह्या पण माझ्याच तोंडातून जावंदे. जा, त्येका सांग."

म्हणून ती गेली. एकटी, सकाळी, पाणी भरतीचं असताना. पुतळ्यावर पालथी तरंगली, नळी चावली आणि घशातल्या घशात सगळं सांगितलं. थांबलेला अंगठा. ढाल. "चाय करू". व्हय महाराजा. मग ओजसकडे जाऊन ते त्याच्या डोक्यात कायमचं बसवून घेतलं. जागेच्या खुणा तेवढ्या वगळून.

आणि पुतळ्याने ते धरलं. धरणारच होता, नाड्या चढत होत्या. आता तुम्ही आडबंदरला जाऊन लवूआजोवर तरंगलात, तर तो पहिलं हेच सांगेल, "माझ्या नातीन यंत्र बंद केल्यान नाय." म्हणून माणसं पाण्यातून वर येतात, मास्क काढतात आणि आपल्या गाइडच्या छातीवरचं नाव वाचतात. दुर्वा. मग परत तोंडाकडे बघतात.

"ती तुम्हीच का?"

"हो."

"खरंच तसं झालं होतं?"

"हो."

दिवसाला वीस-पंचवीस वेळा. त्यात गंमत अशी, की पुतळा त्याच्या सवयीने गोष्ट फुगवायला लागला. जानेवारीत तो सांगत होता, ती पडदा काळा करताना हसली. मग सांगायला लागला, ती देवळात सगळ्यांत मोठ्याने ओरडली. ओजस म्हणाला, निदान एवढं तरी दुरुस्त करू, हे खोटं आहे. दुर्वा म्हणाली, राहू दे. लोकांनी विचारलं की हसलात का हो, तर ती म्हणते, "हसले नव्हते. बाकी सगळं खरं." काही जण विश्वास ठेवतात.

आजो या सगळ्या वर्षात तिच्याशी कामापुरतं बोलला. मीठ दे. आवशीक हाक मार. तेवढंच.

मग माघ आला. पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी दुर्वा नळ्या धूत होती, आणि आजो येऊन उभा राहिला. हातात वल्हं.

"चल."

ती ओल्या हाताने निघाली. होडीत चढताना आजोने पुढच्या फळीकडे बोट दाखवलं. "थय बस. तोंड समुद्राक. पाठ किनाऱ्याक."

तिला लगेच कळलं. किनारा दिसला नाही तर कळस दिसत नाही, डोंगराची खाच दिसत नाही, दीपगृह दिसत नाही. खुणा जुळल्या तरी तिला कळणार नाहीत. ती पाठमोरी बसली.

पण बराच वेळ गेल्यावर ऊन तिच्या भलत्याच गालावर यायला लागलं. आवशीच्या खडपाला जाताना ते डाव्या गालावर असायला हवं होतं.

"आजो," ती समोर बघतच म्हणाली. "ही वाट ती न्हय."

"बापाशीन माका एकच खडप सांगल्यान असा मी कधी म्हटलंय?"

मागे वल्हं पडत राहिलं, पडत राहिलं, मग थांबलं. सूर्य पाण्याला टेकत आला होता. आजोने वल्ह्याचं पातं पाण्यात उभं सोडलं, आणि तिच्या खांद्यावरून दांडा पुढे तिच्या तोंडापाशी आणला.

"दात लाव."

तिने लावले. लाकडाला मिठाची आणि त्याच्या हाताची चव होती. आधी काहीच नाही, नुसतं पाणी. मग खूप खालून, ढुम. छातीत वाजल्यासारखं. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने, ढुम. मग पाठोपाठ चार-पाच. नर गोबरे असे वाजतात, अंडी घालायच्या वेळी, अंधार पडता पडता. फार नव्हते. मोजता आले असते.

"आयकाक इला?" मागून आजोने विचारलं.

तिने मान हलवली, हो.

"कोणाक सांगशीत?"

दांडा दातात होता, बोलता येत नव्हतं. तिने परत मान हलवली, नाही म्हणून. डावीकडे थोडीशी, उजवीकडे थोडीशी. किनारा दिसेल इतकी नाही.